कोनाचे तीन सारखे भाग

३ मार्च

दवाखान्यातल्या सिस्टरने ही वही करायला सांगितली होती. बाळ कधी प्यालं, कधी झोपलं, शी कशी झाली, सगळं लिहायचं. आता बाळ रांगायला लागलं. शी लिहून लिहून मलाच कंटाळा आला, पण वही बरीच कोरी आहे. फुकट कशाला घालवा? ह्या वहीआधी, सातवीनंतर मी पेन फक्त सही करायला धरलं होतं. आता मनातलं लिहीन. कुणाला सांगायला जावं तर जो तो म्हणतो, घाबरू नकोस. न घाबरता काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

आज तंबू शिवायच्या कारखान्यातून निरोप आला. मला घेतलंय! सतरा तारखेला हजर व्हायचं. बाळ आणायचं नाही, तिथे वीतभर लांब सुया असतात. त्या दिवशी गेले नाही तर जागा दुसरीला.

मशीन दिसलं की माझे पाय आपोआप हलायला लागतात. लग्नाआधी दोन वर्षं शिवलंय, जाड कापड, पडदे, गाद्यांच्या खोळी. मला परत शिवायचंय. पण भिंगरीला ठेवू कुणाजवळ? भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. हे बोटीवर कामाला, येतील पावसाळा संपल्यावर. घरात उरले बाबा, म्हणजे माझे सासरे.

फोनवर हे म्हणाले, "बाबा आहेत की."

मी म्हटलं, "बाबा आहेत. पण कुठे आहेत?"

कारण बाबा घरात असून घरात नसतात. ते कोनात असतात.

४ मार्च

कोनाचं नीट लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे सांभाळायचे. काढायचे दुसरे, बाबा गुंडाळून नळकांड्यात घालायचे आणि कुणी मागितले की काढून द्यायचे. जन्मभर तेच. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी आतून निळं मखमल लावलेली कंपासपेटी दिली. ती बरीच वर्षं कपाटात पडून होती. सासूबाई गेल्या त्याच महिन्यात बाबांनी ती बाहेर काढली म्हणे. का तेव्हाच, देव जाणे. तेव्हापासून एकच चाललंय. कुठलाही कोन घ्यायचा आणि त्याचे तीन सारखे भाग करायचे. हातात फक्त वर्तुळ काढायचं कर्कटक आणि पट्टी. पट्टीवर आकडे नकोत. मोजायचं नाही. मोजलं की बाटलं.

मी विचारलं, "दोन भाग होतात का?"

"दोन कुणीही करेल." त्यांनी इकडून एक कंस मारला, तिकडून एक मारला, मधून रेघ ओढली. झाले दोन.

"मग तिनाचं काय अडलंय?"

"तेच तर!" बाबा म्हणाले. भिंगरीला पहिला दात आला तेव्हा माझा चेहरा झाला होता, अगदी तसा त्यांचा झाला.

दुपारी शिवायला बसले तर माझी लाकडी फूटपट्टी कोरी करकरीत. एक आकडा नाही. बाबांनी पॉलिश पेपरने घासून काढले होते.

"बाबा, हे काय केलंत?"

"शुद्ध केली," म्हणाले.

आणि ह्या माणसाजवळ मी माझी पोरगी ठेवायची.

७ मार्च

पाणी भरून आत येते तर भिंगरीच्या हातात कर्कटक! टोक तोंडाकडे! हातातली बादली तिथेच सोडली. कर्कटक हिसकावलं. भिंगरीने भोकाड पसरलं, मीही पसरलं, घरभर पाणी.

बाबा म्हणाले, "अगं, मी बघतच होतो."

"काय बघत होतात?"

"धरते अगदी बरोबर. वरून, दोन बोटांत."

खोकल्याच्या बाटलीचं बूच त्या टोकाला घट्ट बसवून टाकलं. बाबांना सांगितलं नाही. तासाभराने आतून ओरडले, "सूनबाई, इकडे ये! काहीतरी नवीनच निघालंय!" जाऊन बघते तर कागदभर सगळी वर्तुळं अंड्यासारखी. बूच घसरत होतं. मग खरं सांगावंच लागलं.

१० मार्च

आज परीक्षा घ्यायची ठरवली. बाबांची. दळण आणायला जाते म्हटलं, भिंगरीकडे बघा. जाऊन येऊन अर्धा तास. चक्कीवर नंबर होता, पण माझा जीव टांगणीला. नंबर सोडून पळत घरी आले.

दारातूनच दिसलं, खडूचं मोठं वर्तुळ. मधोमध टेबलाचा पाय. त्या पायाला माझी ओढणी बांधलेली, ओढणीचं दुसरं टोक भिंगरीच्या कमरेला. आणि भिंगरी पायाला गोल गोल फिरून, ओढणी सगळी गुंडाळून, गाल लाकडाला चिकटवून बसलेली. रडत नव्हती. टेबल चाटत होती.

बाबा मात्र खूश. "हे बघ. टेबलाचा पाय म्हणजे केंद्र. ओढणी म्हणजे त्रिज्या. ह्याच्या बाहेर ती जाऊच शकत नाही. शेगडी बाहेर, दार बाहेर, कर्कटक बाहेर. काळजीचं काम नाही."

"मग वर्तमानपत्र कुणी फाडलं? ते पण बाहेर होतं."

बाबांनी भिंगरीकडे बघितलं, फाटक्या कागदाकडे बघितलं. "त्रिज्येत तिचा हात धरायचा राहिला," म्हणाले. मग खाली वाकून बघत, "आणि गुंडाळत गेली की त्रिज्या कमी कमी होते. म्हणजे हे वर्तुळ नाहीच. ही तर गोगलगाय झाली!" आणि पेन्सिल घ्यायला उठले.

मी मुलीला सोडवलं, आत गेले, आणि ह्यांना फोन लावून रडले. म्हटलं, "मी नाही जात कामाला. बाबांनी पोरीला टेबलाला बांधलंय."

हे म्हणाले, "मला पण बांधायचे."

"मग?"

"मग काय, बोटीवर आलो."

१३ मार्च

सकाळी सकाळी बाबा पळत स्वयंपाकघरात. एका पायात चप्पल. "झाला! सूनबाई, झाला! तीन भाग!"

कागदावर एवढे कंस की करवतीचे दाते वाटले. त्यातून तीन फाका निघाल्या होत्या, कलिंगडाच्या कापाव्या तशा, अगदी सारख्या. मला तरी सारख्याच दिसल्या. उद्या कॉलेजात जायचं म्हणाले, गणिताच्या मॅडमना दाखवायला. मी पण यायचं, भिंगरीने पण. "अशा दिवशी घरचं माणूस हवं," म्हणाले.

मनात आलं, बरं झालं. झाला एकदाचा. आता कोन संपला, आता पोरीकडे बघतील, मी सतराला कामावर.

१४ मार्च

कॉलेजची इमारत एवढी मोठी की मला उगाच कुणीतरी हाकलेल असं वाटत होतं. मॅडम तरुण निघाल्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. कागद नीट बघितला. घाई केली नाही. पाणी दिलं.

मग म्हणाल्या, "आजोबा, फार सुरेख काम आहे. पण हे बरोबर नाही. अगदी थोडंसं चुकतं. केसाएवढं."

बाबा म्हणाले, "मग केस काढून टाकतो. अजून एक महिना द्या."

"तो निघणारच नाही. नुसत्या पट्टी-कर्कटकाने वाटेल त्या कोनाचे तीन भाग करायची रीत असूच शकत नाही, हे पूर्वीच सिद्ध झालंय."

"म्हणजे अजून कुणाला जमलेलं नाही."

"नाही हो आजोबा. कुणाला जमणारच नाही, हे सिद्ध झालंय."

जगात अजून जन्मायचीत त्या पोरांनासुद्धा जमणार नाही, हे ह्यांना आत्ताच ठाऊक! एवढी खात्री मला भिंगरी झोपली की नाही ह्याचीसुद्धा नसते. मी विचारलंच, "मॅडम, पण तीन तर झालेले दिसतात की."

त्या हसल्या. "दिसतात. पण झालेले नाहीत."

येताना बाबा वाटेत दोनदा थांबले, कुणाच्या तरी कुंपणाला धरून. चपलेत खडा गेला असेल.

१५ मार्च

बाबांनी कंपासपेटी कपाटात ठेवली. सगळ्यात खाली, गोधड्यांच्या मागे. म्हणाले, "आजपासून माझं एकच काम, भिंगरी."

देव पावला. मला हेच हवं होतं.

१६ मार्च

मला हे नको होतं.

बाबा दिवसभर गुडघ्यांवर भिंगरीच्या मागे, दोन्ही हात पसरून, कोंबडी पकडताना धरतात तसे. भिंतीजवळ जाऊ देत नाहीत. "भिंत कठीण आहे." दाराजवळ वारा आहे. चटईवर जाऊ देत नाहीत, चटईची काडी टोचेल. एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हिचा श्वास जरा जास्त चालत नाही ना?"

तोपर्यंत मला त्या श्वासाचं सुचलंच नव्हतं. मग मी तासभर श्वास ऐकत बसले.

आता घरात घाबरणारे दोघं आणि बाळ एक. भिंगरी तर आमच्याकडे असं बघते जणू तिनेच आम्हाला सांभाळायला घेतलंय आणि पस्तावलीय.

१७ मार्च

गेले. दारातून दोनदा परत आले, पण गेले.

कारखान्यात मुकादमबाईंचं राज्य आहे. आवाज असा की चार मशिनं चालू असताना शिंकल्या तरी कळतं. मला खिडकीजवळचं मशीन दिलं. जाड कापड सुईखाली असं सरकतं की काय सांगू. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बरं वाटत होतं, मग एकदम आठवलं, भिंगरी! आणि सगळी शिवण वाकडी.

मुकादमबाई मागे येऊन उभ्या. "काय गं, तंबू शिवतेस की साप?"

घरी आले तर भिंगरी रडून लाल, बाबा घामाने ओले, जेवलेले नाहीत. "दुपारी ती झोपलीच नाही," म्हणाले.

"का?"

"झोपली की मी उठवून बघत होतो, झोपलीच आहे ना."

रागवायचं सोडून मी त्यांना ताट वाढलं. कारण असं मीही केलंय.

२० मार्च

चार दिवस असंच. काल मुकादमबाई म्हणाल्या, "तुझं शरीर इथे, जीव घरी. असं असेल तर सरळ सांग, दाराबाहेर दोघीजणी उभ्या आहेत." आणि आज मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

बागेत बँड वाजवायचा गोल चौथरा आहे. त्याचं छत वाऱ्याने फाटून उडून गेलं, नवीन करायचंय. आम्ही सहा फाकांची छतं करतो, आठाची करतो, बाराची करतो. कापड दुमडत गेलं की होतात. पण त्या चौथऱ्याला लोखंडी खांब नऊ! कुणी रोवले कुणास ठाऊक. मुकादमबाईंनी टेप लावला, आठ फाका आखल्या, नववी हातभर बारीक आली. पुन्हा आखल्या, नववी फुगली. मग कुणाच्या तरी पोराचा कोनमापक आणला. तळहाताएवढा कोनमापक आणि खोलीएवढं छत, रेघ वाटेत कुठे वळते पत्ता लागेना. नवाने सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

आणि माझ्या तोंडून गेलं, "आमचे बाबा करतात तीन-तीन भाग."

सगळी मशिनं थांबली.

मुकादमबाई म्हणाल्या, "आण मग. रविवारी मशिनं बंद असतात, सुया पेटीत असतात, बाळालाही घेऊन ये. जमलं तर इथे राहा. कापड फुकट गेलं तर सोमवारी येऊ नकोस."

कुणी माझी जीभ टाचून का नाही ठेवत?

२१ मार्च

बाबांना विचारलं. पाठ फिरवून म्हणाले, "होत नाही. सिद्ध झालंय."

"मग बागवाल्यांना काय सांगू? खांब उपटा म्हणू?"

"वर्तुळाचे सहा भाग होतात. त्रिज्या घेऊन फिरत गेलं की सहा. एक सोडून एक धरला की तीन. पण तिनाचे नऊ करायचे तर प्रत्येकाचे पुन्हा तीन." हातातला घास ताटात परत ठेवला. "म्हणजे तेच. केसाएवढं चुकणार."

मी म्हटलं, "बाबा, शिवणीत बोटभर कापड आत जातं. तुमचा केस त्यात कुठे हरवेल, शोधून सापडायचा नाही."

"बोटभर!" बाबा असे ओरडले की भिंगरी दचकली. "बोटभर चूक आणि तिला तुम्ही शिवण म्हणता!" आणि ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन बसले.

नको तिथे बोलले. संपलं. सोमवारी घरीच.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज, "सूनबाई, बोटभर म्हणजे नक्की किती? आणि कुणाचं बोट?"

२३ मार्च, रविवार

काय दिवस गेला! नीट आठवून लिहिते.

कारखान्याच्या फरशीवर आखायचं होतं. तिथे कंपासपेटीतलं कर्कटक काय कामाचं? बाबांनी खिळा आणि न ताणणारी दोरी घेतली. दोरीचं एक टोक खिळ्याला, दुसऱ्या टोकाला खडू, हे कर्कटक. खडू चोळलेला सुताचा दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि फट्कन सोडायचा, ही पट्टी. दुसरं टोक मी धरायचं. मुकादमबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

मोठं वर्तुळ झालं. सहा खुणा झाल्या. आणि भिंगरी रांगत रांगत आली. मी दोरी टाकून धावणार, तर बाबा म्हणाले, "राहू दे तिला. तू ताण सोडू नकोस."

तिने गुडघ्यांनी दोन खुणा पुसल्या. बाबांनी परत काढल्या. तिने परत पुसल्या. "पुस बाई," म्हणाले, "मला काढता येतं." खिळा काढून पेटीत टाकला होता, तर ही नेमकी केंद्राच्या खुणेवर जाऊन बसली. उठवलं तेव्हा खूण तिच्या चड्डीला लागलेली, फरशीवर काही नाही.

मुकादमबाई म्हणाल्या, "झालं. गेलं केंद्र."

"जातंय कुठे!" बाबा म्हणाले. वर्तुळावर दोन तिरक्या रेघा टाकल्या, दोन्हींच्या मधोमध उभ्या रेघा काढल्या. त्या दोन रेघा जिथे भेटल्या तिथे बोट ठेवलं. "हे घ्या केंद्र." भिंगरी परत त्यावर जाऊन बसली.

मग तिनाचे नऊ. ते करवतीचे दाते. बाबा जमिनीवर पालथे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडाने काहीतरी पुटपुटत. मी बघितलं तर भिंगरी सुयांच्या पेटीकडे निघालेली. ओरडायला तोंड उघडलं, तर बाबांनी वर न बघता डावा पाय लांब केला आणि पेटी सरकवून दिली. जरा वेळाने मुकादमबाईंची कात्री. तीही तशीच, कोपराने. पेन्सिल मात्र तिला स्वतःच दिली, बोथट होती ती.

घरी नुसतं बघत बसायचे तेव्हा बाबांना एक धड दिसत नव्हतं. आज बघत नव्हते तर सगळं दिसत होतं. असं कसं, मला काही कळलं नाही. पण दोरी धरून मी उभी होते आणि बराच वेळ भिंगरीकडे बघायचं विसरून गेले होते, एवढं कळलं.

शेवटी बाबा उठले, गुडघे चोळत. "चूक आहे," म्हणाले. "पण ह्याहून कमी चूक मला करता येत नाही."

मुकादमबाईंनी एका फाकेच्या मापाचा कागद नऊही फाकांवर ठेवून बघितला. कापड अंथरायला सांगितलं आणि कात्री मागितली.

२९ मार्च

आज छत चढवलं. बागेत ही गर्दी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भिंगरीला खांद्यावर घेऊन सगळ्यात पुढे.

माणसं एक एक टोक खांबाला बांधत गेली. आठ बसली. नववं टोक खांबापर्यंत पोचेना! हातभर कमी! मुकादमबाईंनी माझ्याकडे बघितलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शिवायला आंधळी बसवली होती का?"

बाबांनी भिंगरीला माझ्याकडे दिलं, खिशातून दोरी काढली आणि चौथऱ्यावर चढले. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी लावली, तीच दोरी पुढच्या दोघांना. परत पुढच्या. सगळा चौथरा फिरले. मग परत फिरले. लोक हसत होते. मी मनात म्हटलं, बाबा, आता उतरा.

"खांब चुकलेत!" बाबा ओरडले. "एक जोडी लांब आहे, दोन जोड्या जवळ आहेत. छत बरोबर... म्हणजे छत पण चूक आहे, पण खांब फारच चूक आहेत!"

मुकादमबाईंनी स्वतः दोरी लावून बघितली. खरंच निघालं. नवव्या टोकाला लांब फासा लावला, ओढलं, छत ताठ झालं. टाळ्या पडल्या. लोक बाबांचा हात धरून अभिनंदन करायला लागले तर हे प्रत्येकाला सांगतात, "नाही हो, छत चूक आहे. फक्त खांबांपेक्षा कमी." लोकांना वाटलं म्हातारा विनयशील आहे.

मग मला बाजूला ओढलं. चेहरा नुसता फुललेला. "ज्याने रोवले ना, तो चांगला कारागीर होता गं. जोडकाम बघ त्याचं. पण त्यालाही नऊ जमले नाहीत. त्यालाही!" आणि एका खांबावर हात ठेवून उभे राहिले, जुना दोस्त भेटावा तसे. चूक झाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मुकादमबाई जाताना म्हणाल्या, "सोमवारपासून कापायच्या टेबलावर ये. दोरी बरोबर धरतेस. आणि वेळेवर ये, तंबू शिवणाऱ्या रोज बदलतात, आखणारी मिळत नाही."

३१ मार्च

सकाळी निघायच्या तयारीत होते. बाबा खाली बसलेले, निळी पेटी उघडी, समोर नवा कागद. भिंगरी त्यांच्या मांडीला पाठ टेकून बोथट पेन्सिल चावत होती. ते वर्तुळ काढत होते आणि दर थोड्या वेळाने, न बघता, तिच्या तोंडातली पेन्सिल सरळ करत होते.

"आता काय नवीन?" मी विचारलं.

"वर्तुळ घ्यायचं," म्हणाले, "आणि अगदी तेवढ्याच जागेचा चौकोन काढायचा. फक्त पट्टी आणि कर्कटक."

ऐकायला तर सोपं वाटलं. एक वर्तुळ, एक चौकोन. आठवड्याचं काम असेल. तेवढ्यातच संपलं तर पुढे काय, म्हणून मला जरा धास्तीच वाटली. विचारलं, "हे होणारं आहे का, बाबा?"

बाबांनी कर्कटक खाली ठेवलं. खिडकीबाहेर बघितलं. "मॅडमना विचारलेलं नाही," म्हणाले.

"नका विचारू," मी म्हटलं, आणि चपला घालून कामावर गेले.